दिघाशीची त्रेचाळीस मतं

दाजी आमदार झाले ते ऐंशी साली आणि माजी झाले पंच्याऐंशी साली. एवढीच त्यांची कारकीर्द. पण त्या पाच वर्षांत गड्याने विधानसभेत एकच धोशा लावला: दिघाशीच्या ओढ्यावर पूल द्या, पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते! दाजी उठून उभे राहिले की मंत्री कपाळाला हात लावत. शेवटी कंटाळून दिला बुवा पूल.

आणि पुढच्याच निवडणुकीत दाजी पडले. एकतीस मतांनी! दिघाशीच्या पेटीतली त्रेचाळीस मतं बाद ठरली. शिक्का दाजींच्याच निशाणीवर, दिव्यावर; पण शेजारी लाल डाग. मतपत्रिकेवर ओळखीची खूण चालत नाही, असा नियम. ते डाग दाजींनी मोजणीच्या टेबलावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"पूल घेतला आणि मतं मुद्दाम नासवली!" टेमघरला घरी आल्यावर ते बायकोला, माईंना, म्हणाले. तेव्हापासून दिघाशीचं आमंत्रण आलं की दाजींचे गुडघे हमखास दुखत.

"दुखणं गुडघ्यात नाही, नाकाच्या शेंड्यावर आहे," माई म्हणत.

अशी बारा वर्षं गेली. सत्त्याण्णव साली एका सकाळी दिघाशीची ठमाबाई लेकीला घेऊन दारात उभी राहिली.

"दाजी, ही चंद्रा. तुमच्या पुलावरनं शालेत गेली, पंधरावी झाली. आता पंचायत समितीला उभी हाय. तुमच्या पाया पडल्याबिगर फारम भरनार न्हाय म्हनते."

दाजींनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "मला कशाला विचारता? दिघाशीने मला काय दिलं ते ठाऊक आहे."

"दिला ना! आमी सगल्या बाया पदराला कुंकू बांधून गेलो. दिव्याला कुंकू लावल्याबिगर शिक्का कसा मारायचा? पयला कुंकू, मंग शिक्का. तरी तुमी पडलात. आमचाच नशीब फुटका!"

दाजींच्या हातातला पेपर गळून पडला. कुंकू! ज्यांना बारा वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या बायांनी मतदानाच्या आडोशात त्यांची पूजा केली होती. दाजी मोठ्याने हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. आमदारकी गेली खड्ड्यात, एवढं कुणाच्या वाट्याला येतं हो?

माई काही बोलणार, तोच दाजींनी डोळ्यांनी दटावलं. मतं त्या कुंकवानेच बाद झाली, हे ठमाबाईला कळता कामा नये.

"ठमाबाई, या खेपेला नुसता शिक्का मारा. सगळ्याजणींना सांगा. कागदाला कुंकू चालत नाही, नवा नियम निघालाय."

"असा कसा नियम मेला! मंग कुंकू लावायचा कुठं?"

"चंद्रेला लावा. आणि उरलं तर..." दाजींनी मान खाली करून कपाळ पुढे केलं.

माईंनी करंडा आणला. ठमाबाईने कुंकू लावलं तसे दाजी उठले, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चला, फॉर्म भरून येऊ. मग तसंच दिघाशीला जाऊ."

"आणि गुडघे?" माईंनी विचारलं.

"कसले गुडघे?" दाजी म्हणाले.