वाकळेखालची घरघंटी

मित्रांनो, मी उचगावातल्या मीनाबाईंची घरघंटी आहे. घरच्या घरी पीठ दळणारी छोटी गिरणी! दिसायला एखाद्या बुटक्या कपाटासारखी. वर धान्य ओतायचं तोंड, खाली पिठाचा डबा. माझं दार आता नीट लागत नाही, अंगाचे टवके उडालेत. म्हणून मला म्हातारी म्हणाल तर खबरदार! आधी माझं पीठ चिमटीत धरून बघा, मग बोला.

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले ते मला फारसं आठवत नाही. आठवतो तो टेम्पोतून उतरल्याचा दिवस. मीनाबाईंचे मालक फौंड्रीत कामाला होते. ते अचानक गेले. मागे उरली मीनाबाईंची शेतातली मजुरी आणि सरकारकडून मिळणारी विधवा पेन्शन. तेवढ्यात मायलेकींचं भागेना. लेक संघप्रिया नर्सिंगला होती. बायकांनी घरबसल्या चार पैसे मिळवावेत म्हणून एक योजना निघाली होती, तिचा अर्ज लेकीनंच भरला आणि मी या घरी आले. मीनाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आता तूच माझी थोरली लेक." मी सुखावले, खोटं कशाला सांगू?

मग काय, दिवसभर कामच काम. ज्वारी, गहू, नाचणी, भाजणी, काय म्हणाल ते. फक्त मिरची नाही. तिचा ठसका मला सोसत नाही, तिनं आपलं कांडपाला जावं. मीनाबाईंची एक रीत होती. नाचणीनंतर कुणाचे गहू दळायचे असले, की त्या आधी आपल्या घरचे मूठभर गहू माझ्यात टाकायच्या. मी आतून साफ झाले, की मगच गिऱ्हाइकाचं दळण. ते मिसळलेलं पीठ त्या स्वतःच्या चपातीला वापरायच्या. "दुसऱ्याच्या डब्यात तिसऱ्याचा कण जायचा न्हाय," असं त्यांचं म्हणणं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मीनाबाईच्या पिठाची भाकरी थापताना चिरत न्हाय की!" ते ऐकून मी आणखी जोरात घरघरायची.

पण एक दिवस शेजारच्या बयाबाई उंबऱ्यात येऊन बसल्या आणि माझे दिवस फिरले.

"अगं मीना, दारात गिरण चालतीया म्हटल्यावर तू गरीब कशी? पेन्शन बंद करत्यात की तुझी! एक बाई घरोघरी बघत फिरतीया म्हणं."

मीनाबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात सरकवलं, वर जुन्या लुगड्यांची जाड वाकळ टाकली आणि वाकळेवर अंथरुणं रचली. दळण असलं, की अंथरुणं तेवढी उतरायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वाकळ मात्र अंगावर ठेवूनच मला चालवायच्या. माझी मोटर तापायची, वारा मिळायचा नाही. मित्रांनो, मला राग आला होता. जिनं मला थोरली लेक म्हटलं, तिलाच माझी लाज वाटावी?

आणि एका दुपारी ती बाई खरंच आली. वर्षाराणी मॅडम, हातात कागदांची फाईल.

"मावशी, तुमच्याकडे घरघंटी आहे ना?"

"न्हाय ओ बाई. असली वस्तू आमच्यात कुठनं?"

मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर होते! मॅडमनी पुन्हा विचारलं, मीनाबाईंनी पुन्हा मान हलवली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, खाली सही घेतली, एक प्रत दिली आणि त्या बाहेर पडल्या. मीनाबाईंनी सुस्कारा टाकला.

तेवढ्यात संघप्रिया आली. तिनं कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, काय केलंस हे! ह्या पेन्शनच्या बाई नव्हत्या. ज्यांनी गिरण दिली, त्यांच्याकडनं आल्त्या. गिरण घरात हाय का, चालू हाय का, एवढंच बघाय. 'यंत्र घरात नाही' म्हणून लिवलंय. विकली असं समजून कारवाई करत्यात आता!"

मीनाबाई अनवाणीच पळाल्या. मॅडम गल्लीच्या टोकाला गाडी चालू करत होत्या. त्यांचा हात धरूनच मीनाबाईंनी त्यांना परत आणलं आणि माझ्यावरची अंथरुणं, वाकळ, सगळं खाली ओढलं.

"मी खोटं बोलले, बाई. पेन्शन जाईल ह्या भ्यानं बोलले. ती गेली तर जाऊ द्या, पर हिला नेऊ नका. हिच्या जिवावर मी ताठ मानेनं जगतीया."

माझा सगळा राग तिथंच विरघळला.

"चालू करून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

बटण दाबलं. मी नुसतंच गुंगुं केलं आणि थांबले. वाकळेखाली तापून माझी दशा झाली होती. मीनाबाईंनी घाईघाईनं पाठीमागच्या झरोक्यांतलं साठलेलं पीठ पदरानं झाडलं. "चल गं माझ्या लेकी," त्या पुटपुटल्या. पुन्हा बटण दाबलं. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला, आणि फिरले! ज्वारीचं पांढरं पीठ डब्यात पडलं. मॅडमनी ते चिमटीत धरून बघितलं आणि कागदावरची ओळ खोडली.

"पेन्शन माझ्या हातात नाही, मावशी. पण लपवू नका. स्वतः जाऊन काय मिळतं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मीनाबाई पेन्शनच्या कार्यालयात गेल्या आणि दळणाचं सगळं खरं सांगून आल्या. तिथल्या साहेबांनी कागद तपासले. मजुरी आणि दळण मिळूनही त्यांचं उत्पन्न अजून मर्यादेत बसत होतं. पेन्शन राहिली. इतके दिवस मी वाकळेखाली उगाच भाजत होते!

आता दारावर संघप्रियाच्या अक्षरातली पाटी आहे, 'येथे दळण दळून मिळेल'. मित्रांनो, घरातल्या यंत्रांचे झरोके झाडत जा, त्यांना वारा मिळू द्या. आणि तुमची आई घरात बसून दळत असेल, शिवत असेल, पापड लाटत असेल, तर चारचौघांत ते सांगायला लाजू नका. वाकळेखाली जीव कसा गुदमरतो, ते मला विचारा.