मयत निर्व्यसनी होता

शेषराव हवालदार रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तरी रोज दहाच्या ठोक्याला निंबाळी ठाण्याच्या व्हरांड्यात हजर. पेन्शन बँकेत जमा होते, जीव ठाण्यात. फुकटचा चहा घ्यायचा आणि जुन्या काळाचे गोडवे गायचे.

"आमच्या वख्ती असं नोतं बाई," तो म्हणायचा. "रेडू लावला का आख्खं ठाणं ऐकून राह्यलं. सायकलवर बाळापूर, सायकलवर वापस. माणसं साजरी होती. पोलिसाले बसाले बाज टाकत."

फौजदार ज्योत्स्ना तायडे ऐकून घ्यायची. तिला त्या साजऱ्या काळाचा जन्माच्याही आधीपासून राग होता. शहाऐंशी सालच्या भादव्यात तिचा बाप, मोतीराम, दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करता करता मेला. तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाचा एकही फोटो नव्हता. मागे राहिला तो एक पंचनामा, आणि पंचनाम्यात लिहिलं होतं की मयत दारूच्या नशेत होता. गावाने ते उचललं. शाळेत ती बेवड्याची पोरगी. तिची आई दुर्गाबाई भीमजयंतीला बायांच्या शेवटच्या ओळीत बसायची. कारण ज्या माणसाने उभ्या जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नाही, त्याला सरकारी कागद बेवडा म्हणत होता. आणि कागद कसा खोटा असेल?

आता दोन हजार सतराचा ऑक्टोबर होता आणि ठाण्याच्या निंबाखाली टेम्पोत फुरकानचं प्रेत होतं. वय तेवीस. तीन दिवस एका मोठ्या वावरात फवारत होता. काल डोळ्यांना दिसेना, आज सकाळी अकोल्याच्या वाटेवर संपला. त्याची आई हलीमाबी टेम्पोच्या चाकाला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वर्दीकडे बघत होती.

"अकस्मात मृत्यूचा मर्ग दाखल करा आन् मोकये व्हा," ठाणेदार म्हणाला. "शहाऐंशीचा नमुना आहे रेकॉर्डात, सगळे तोच उतरवतात. मयत दारूच्या नशेत असल्याने औषध पोटात गेलं, कोणावर संशय नाही. चार ओळी."

"साहेब, तो पाच वक्ताचा नमाजी होता."

"मग? नमाजी पीत नाहीत? का तुम्ही सोबत बसल्या होत्या?"

दोघे शिपाई हसले. ज्योत्स्ना रेकॉर्ड रूममध्ये गेली. या ठाण्यात बदलून येऊन तिला सहा महिने झाले होते आणि शहाऐंशीच्या गठ्ठ्याला तिने हात लावला नव्हता. आज सोडला. वरच कागद होता, हाताळून हाताळून कडा काळ्या झालेला. 'मयत नामे मोतीराम तायडे, वय २६.'

नमुना म्हणजे तिचा बाप होता. एकतीस वर्षं हे ठाणं तिच्या बापाचा कागद समोर ठेवून माणसं बेवडी करत होतं.

ती ताडकन उठली. हा कागद ठाणेदाराच्या टेबलावर आपटायचा, मग नोकरी जावो की राहो. तिने दार ढकललं आणि बाहेर आली.

व्हरांड्यावर पत्र्याऐवजी मातीचे कवेलू होते. कॉम्प्युटरच्या जागी माठ. खिडकीत ट्रान्झिस्टर, त्यातून बाजारभाव. निंब निम्म्या उंचीचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सप्टेंबर १९८६. तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं, तर हात रिकामा होता. कागद अजून लिहून व्हायचा होता.

टेबलामागून एक चाळिशी ओलांडलेला हवालदार तिच्याकडे बघत होता. काळ्याभोर मिशा, पण शेषरावच.

"अकोल्याहून आल्या का बाई? हेडक्वाटरातून? बाईमाणसाचा जबाब आहे म्हणून म्याच मांगतली होती लेडीज," तो म्हणाला आणि तिच्या पायांकडे बघून हसला. "आता तुमालेही फुलपॅन्टी देल्या काय सरकारनं? साडी सरली?"

समोर नियाजचं सायकलचं दुकान, शेजारी नत्थुजीचा पानठेला. ही दोघं ठाण्याची कायमची पंचमंडळी. कोणीही मेलं, कुठेही मेलं, तरी पंच हेच. दर महिन्याला कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचे आणि वर मजकूर हवालदार भरायचा. आजच्याही कागदावर खाली दोन सह्या वाळून गेल्या होत्या. वर शेषराव पेन झटकत होता. बाहेर निंबाखाली बैलबंडी उभी होती आणि बंडीजवळ एक बाई, बावीस-तेविसाची, पोट सहा महिन्यांचं.

 ही तिची माय होती. ही इतकी लहान होती?

"काय लिहून राह्यले?" तिने विचारलं.

"काय लिहाचं? दारू पेला होता."

"तुम्ही प्रेत पाहिलं?"

"बाई, प्रेताले काय पाहाचं? ते काही पळून जाते काय?"

तिने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. "नियाजभाई! नत्थुजी! इकडे या. सही केली ना? मग चला, काय पाहून केली ते पाहा."

नियाज हात पुसत आला. "मॅडम, हम तो हमेशा ऐसेच..."

"आज तसं नाही."

तिने बंडीवरची चादर बाजूला केली. बापाचा चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला. तिची हनुवटी, तिच्या भुवया. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रडायला वेळ नव्हता. ती पोलीस होती, आणि राग तिला उभी धरून होता.

"तोंडाचा वास घ्या."

नत्थुजीने नाक मुरडलं. नियाज मात्र खाली वाकला, आणि सरळ झाला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "दारूचा वास नाई. औषधाचाबी नाई तोंडाले."

"आता पालथा करा."

पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, कातडी सोलून लाल झाली होती. शर्ट औषधाने कडक. पितळी पंप बंडीतच पडला होता. नियाजने तो उलटा केला, बुडाशी बोट फिरवलं. सायकलच्या ट्यूबा तपासणारं ते बोट, त्याला भोक सापडायला काय वेळ? "पंचर आहे," तो म्हणाला. "दिवसभर पाठीवर गयत होता. हा माणूस पेला नाई. याच्या अंगात चामड्यातून गेलं."

दुर्गाबाई पुढे आली. आवाज बसलेला. "पंप गयते म्हणून सांगतलं होतं त्याईनं वावराच्या मालकाले, बुधाजीले. बुधाजी म्हणे वावर आज झालंच पाह्यजे, नाई तं उद्या येऊ नको. औषधही दुकानदारानं दोन मिसयून देल्लं, लवकर मरते म्हणे कीड." मग तिने ज्योत्स्नाचा हात धरला. "बाई, ते दारूले शिवत नोते. तेवढं लिहा. बाकी काही नका लिहू, पण तेवढं लिहा."

शेषराव बिडी पेटवून आला. आता तो हसत नव्हता. "हे पाहा बाई. तुमी अकोल्याले निंगून जासान. मले याच गावात राहाचं हाये. बुधाजी आन् त्या दुकानदाराचं नाव म्या लिहिलं, तं उद्या माही बदली धारणीच्या जंगलात. दारू लिहिली का सारे सुटतात. मालक सुटला, दुकानदार सुटला, आपुन सुटलो."

"मी माही सही काटतो," नियाज म्हणाला. "दारू लिहिली तं माही सही नाई." आणि खरंच त्याने कागद ओढून आपल्या सहीवर आडवी रेघ मारली.

पंच फिरला म्हणजे कागद मेला. शेषरावने डोकं खाजवलं. मग ज्योत्स्नाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "बरं, एक काम करू. दारू काटतो. वरून निर्व्यसनी लिहितो. पाठीचं, पंपाचं सारं लिहितो. पण नावं नाई टाकत. कोणावर संशय नाई, एवढं राहू द्या. बोला."

इथे ज्योत्स्नाने वाद घालायला हवा होता. दुसरं कोणाचं प्रकरण असतं तर तिने टेबल उलटं केलं असतं. पण दारू काटतो, हे दोन शब्द ती जन्मभर ऐकायला थांबली होती. निंबाखाली तिची माय हात जोडून उभी होती, आणि मायही तेवढंच मागत होती.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगते."

आणि तिने सांगितलं, अगदी फौजदारी भाषेत, एकेक शब्द तोलून. 'मयत हा निर्व्यसनी व कष्टाळू इसम होता. पंप नादुरुस्त असल्याने औषध अंगावर सांडून अपघाताने मरण आले. कोणावरही संशय नाही.' नियाजने नव्याने सही केली. दुर्गाबाईला वाचून दाखवलं तेव्हा ती रडली, आणि तिने शेषरावच्या पायाला हात लावला. खुन्यांची वाट मोकळी करणाऱ्याच्या पायाला! ज्योत्स्नाला ते पाहवलं नाही. कागद गठ्ठ्यात ठेवायला ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा वर पत्रे होते, हातात काळ्या कडांचा तोच कागद.

ठाणेदार अजून तिथेच होता. निंबाखाली टेम्पो. टेम्पोत फुरकान.

"सापडला नमुना?" ठाणेदाराने तिच्या हातातला कागद घेतला. "हां, हाच. पाहा काय सुरेख ड्राफ्ट आहे. निर्व्यसनी, कष्टाळू. घरचे खूश होतात, बाया रडत नाहीत, मुकाट सही करून देतात. एकतीस वर्षांत एकाही प्रकरणात गुन्हा दाखल करा लागला नाही. फक्त नाव बदला."

ज्योत्स्नाने वाकून कागद वाचला. शब्द तिचेच होते.

"माह्या हातचा हाये तो," व्हरांड्यातून म्हातारा शेषराव अभिमानाने बोलला. "अकोल्याहून एक बाई आली होती, तिनं सांगतला. लय हुशार बाई. पहिले आमी दारू लिवत जाओ, तं लोकं भांडत, पंच फिरत. हे लिहिलं तवापासून कोणी भांडलं नाई."

तिने बाहेर येऊन आईला फोन लावला. "आई, बाबांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय?"

"आता हे काय मधातच? निर्व्यसनी लिहिलंय," पलीकडून दुर्गाबाई म्हणाली. "फ्रेम करून लावला ना म्या. काहून?"

"आणि बुधाजी?"

"तो काय, दोनदा सरपंच झाला. त्या दुकानदाराच्या तीन दुकानी झाल्या. कागद साजरा होता ज्योती. कागदानं त्याईचं काय वाकडं झालं?" मग ती म्हणाली, "मीच त्या बाईले म्हटलं होतं, बाकी काही लिहू नका म्हणून. अजून झोप नाई लागत मले."

ज्योत्स्नाने फोन खिशात घातला. आतला राग एकतीस वर्षं दारू या शब्दावर होता. शब्द तर गेला. चुकीच्या जागी राग धरून बसलेल्या माणसाला लुटणं किती सोपं असतं! थोडी इज्जत हातावर ठेवा, तो गुन्हेगाराचं नाव स्वतःच्या हाताने खोडून देतो.

ती आत गेली. टेबलावरचा नमुना तिने पालथा घातला आणि गुन्ह्याचं रजिस्टर ओढलं.

"हे काय?" ठाणेदाराने विचारलं.

"एफआयआर. शेतमालक आणि औषध विक्रेता. नावानिशी."

"वेड लागलं का मॅडम? धारणीला जाऊन बसाल जंगलात."

"तिथेही लोक फवारतात साहेब."

त्याने फोन उचलला आणि कोणाला तरी लावत बाहेर गेला. ज्योत्स्नाने हलीमाबीला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हातारीने पाण्याला हात लावला नाही. आधी हात जोडले.

"साहब, मेरा फुरकान दारू नई पीता था. कधी नाई. अल्ला की कसम, तुमी मोहल्ल्यात कोणालेबी..."

"अम्मी, ते नका सांगू," ज्योत्स्ना म्हणाली. "पीत असता तरी त्याले मारायचा हक्क कोणाले नव्हता. औषध कोणी दिलं आणि फवारायला कोणी लावलं, तिथून सांगा. नावं घ्या. मोठ्याने घ्या, बाहेरच्यांना ऐकू जाऊ द्या."

हलीमाबीने दाराकडे पाहिलं. बाहेर ठाणेदाराचा आवाज कोणाला तरी साहेब, साहेब म्हणत होता. मग तिने ओढणी सावरली आणि पहिलं नाव घेतलं.