मोकळी पाठ

शेवटच्या साध्या दिवशी आकुवी मक्याचा गोळा आणि आदेमेच्या पाल्याची भाजी पोटभर जेवली, मासा खारट झाला म्हणून तिने स्वयंपाकिणीला फैलावर घेतलं, आणि हात पुसत शिवणाऱ्या बायकांसमोर नव्या छापाचं कापड कापणीच्या टेबलावर पसरलं. निळ्या जमिनीवर पिवळे पक्षी होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"हं, बोला गं. काय म्हणायचं याला?"

लोमे शहरात कापड नावावर खपतं. नाव नसलेलं कापड कितीही देखणं असो, गिऱ्हाईक बोटांनी चाचपतं आणि पुढे जातं. नाव झोंबलं पाहिजे. सवतीला, नणंदेला, पळून गेलेल्या नवऱ्याला. बाई तोंडाने अवाक्षर काढत नाही, ते कापड नेसून समोरून नुसती जाते. आणि झोंबणारी नावं आकुवीसारखी कुणाला सुचत नसत.

पस्तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा समोरच्या घरातल्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा ती बाजाराच्या पायरीवर बसून दुसऱ्याचं कापड विकत होती. पडून राहिलेल्या एका छापाला तिने नाव दिलं, 'माझा सदरा समोरच्या दोरीवर'. महिन्याभरात निम्म्या गावाच्या अंगावर ते कापड आलं. समोरच्या बाईला पाण्याला जाणं मुश्कील झालं. एका पहाटे ती दोघं सीमा ओलांडून आक्रा शहराकडे निघून गेली. आकुवीची लेक सेफाकोर तेव्हा सात वर्षांची होती. घर सोडल्यावरही वडील रोज तिला शाळेत पोचवायला येत. त्या दिवसापासून ते आले नाहीत. आकुवीने त्या दिवशी बाजारात स्वतःचा गाळा घेतला.

गाळ्यानंतर स्वतःचे छाप आले, शिंपी आले, समुद्राच्या रस्त्यावर काचेचं दुकान आलं, जिथे अख्ख्या खोलीत तीनच झगे टांगलेले असत आणि किंमत विचारणाऱ्याला ती परवडणार नाही हे सगळ्यांना कळत असे. मग पॅरिस. तिथल्या बायका नावाचा अर्थ विचारत, आणि अर्थ कळला की जास्तच आनंदाने घेत.

पण ती पॅरिसला पोचली 'मोकळी पाठ'मुळे.

सेफाकोरची पहिली दोन गर्भारपणं अर्ध्यावर गेली होती. तिसऱ्यांदा दिवस भरले. नवऱ्याची, एलोमची, नोकरी तेव्हा डोंगराकडच्या गावात होती. तिथल्याच दवाखान्यात ती अडली. आकुवी परदेशात कापड बघायला गेलेली. फोनवर सेफाकोर एवढंच म्हणाली, "मेलेलंच आलं, आई."

आकुवी फोनवर हमसून रडली. आठवड्याने आली, तीन दिवस लेकीच्या उशाशी बसली, तिला स्वतःच्या हाताने भरवलं, पाठ चोळून दिली. चौथ्या दिवशी तिने पेन्सिल मागितली.

पाठीला मूल बांधायचा फडका, पुढे गाठ घट्ट मारलेली, आत कुणी नाही. असे ओळीने शेकडो फडके तिने काढले, आणि नाव दिलं 'मोकळी पाठ'. वांझ सुनेसमोर सासवा ते नेसून बसू लागल्या. सेफाकोरची नणंद तिच्याच घरी तेच नेसून जेवायला आली आणि दोनदा वाढून घेतलं. दोन वर्षांनी एलोम तिला सोडून गेला; जाताना त्याने भांडणसुद्धा केलं नाही.

"त्यात तुझं नाव कुठं घातलंय?" आकुवी म्हणाली होती. "रडून तुला काय मिळालं? माझ्याकडे बघ."

दुकानात कापणीचं काम सेफाकोरकडे होतं. अकरा वर्षं, दर हंगामाला, ते कापड तिनेच कापलं.

"तू सांग गं," आकुवीने आता तिच्याकडे पाहिलं. "पक्षी सगळे तिकडेच का बघतायत?"

"मला नाही सुचत, आई."

"तुझ्या आयुष्यात हल्ली काही घडतच नाही बघ," आकुवी मायेने म्हणाली. "पूर्वी बरं होतं." मशिनवरच्या बायका खुदखुदल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकुवी न्हाणीघरात पडली. दवाखान्याच्या दारात गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मयताला सगळ्यांनी एकच कापड नेसायचं आणि ते घरच्यांनी ठरवायचं. यावामावशी, आकुवीची धाकटी बहीण, बाजारातल्या पाच-सहा जणींना घेऊन आली. ठरवून आल्याचं त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"पक्ष्यांचं घेऊ," सेफाकोर म्हणाली.

"बिननावाचं? आकुवीच्या मयताला?" मावशीने कपाळाला हात लावला. "लोक तोंडात शेण घालतील. 'मोकळी पाठ'च हवं."

"दुसरं कुठलंही घे, मावशी. ते नको."

"का गं? तुझ्याच पोटचं कापड ते!"

"तेवढंच एक धड बाहेर आलं म्हणायचं," एक जाडी व्यापारीण म्हणाली, आणि मयताच्या घरी हसतात तशा सगळ्या मोकळेपणी हसल्या. सेफाकोरसाठीही कुणीतरी थंड पेयाची बाटली उघडली.

ते ठरलं. कापडाचा छापखाना चार दिवस तेवढंच छापत होता. आकुवीलाही त्याचाच झगा घातला. तो कापायला दुसरं कोण होतं?

पेटी बंद करण्याआधी मुलांनी मेलेल्याशी बोलायचं असतं. पलीकडे गेलेल्या आपल्या माणसांना काही निरोप असेल तो सांगायचा असतो. सेफाकोर एकुलती एक. मावशीने बाकीच्यांना दाराबाहेर काढलं. "बोल पोरी. काय असेल ते बोल. आता तरी ती मध्ये बोलणार नाही."

दाराला फट राहिली होती. बाहेर अंगणात शेकडो जणी तेच कापड नेसून बसल्या होत्या. सेफाकोरच्या अंगावरही तेच होतं. आकुवीच्या तोंडाला लाली लावली होती आणि ती काहीतरी सुचल्यासारखी दिसत होती.

"आई," सेफाकोर म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिला नवल वाटलं. "ती मेलेली आली नव्हती. मुलगी होती. सकाळभर जगली. मोठ्याने रडली, माझं बोट धरलं, दूध प्यायली. मी तिचं नाव ठेवलं. तुला खोटं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू तिच्या रडण्याचंही कापड केलं असतंस. आता ती अकरा वर्षांची असेल, तू जातेयस तिथेच असेल. हाच माझा निरोप. तिच्या वाटेला जाऊ नकोस."