बाजेवरचा रविवार

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची, सुतळीने विणलेली एक जुनी बाज आहे. सध्या माझा मुक्काम खामगावात, चंद्रशेखरच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली असतो.

माझा जन्म मात्र साखरखेर्ड्याचा. चंद्रशेखरच्या वडिलांनी, सहदेवरावांनी, मला ओसरीवर बसून स्वतः विणले. तरुणपणी मी इतकी ताठ होते की पोरे माझ्यावर उड्या मारत. पाहुणा आला की आधी माझ्यावर गोधडी पडे, मग पाण्याचा तांब्या येई. उन्हाळ्यात माझ्यावर कुरड्या वाळत. सहदेवराव वारले आणि त्यांची पत्नी तानाबाई मुलाकडे राहायला निघाली, तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी मी चढले.

खामगावच्या घरात लोखंडी पलंग होता. तिथे मला कोण विचारणार? माझ्यावर ओल्या चादरी वाळू लागल्या. माझी सुतळी सैल पडली.

मग चंद्रशेखरला माझी आठवण झाली. तो तेलाच्या गिरणीत फिटर आहे. आठवडाभर त्याच्या कानात यंत्रांची घरघर असते. रविवारी जेवण झाले की तो मला सावलीत ओढायचा आणि जाहीर करायचा, "समता, आज मले कोनी उठवू नका."

"हाव, झोपा ना," त्याची बायको आतून म्हणायची. "फक्त तेवढं दळण आणून द्या."

दळण यायचे. तो पडायचा. मग पंख्याची पाती पुसायची निघायची. पंखा झाला की तानाबाईच्या गोळ्या संपलेल्या असायच्या. आणि खरे सांगू का? कोणी हाक मारली नाही, तरी त्याला चैन पडत नसे. या कुशीवरून त्या कुशीवर होता होता तो एकदम उठून बसायचा. "गॅसचा नंबर लावला का आपण?" असे स्वतःलाच विचारायचा आणि चपला शोधायला लागायचा. माझी नुसती कुरकुर होत राहायची.

यंदाच्या फेब्रुवारीत मात्र वेगळेच घडले. समता अंगणवाडी सेविका आहे. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तिची परीक्षा होती, तीही रविवारी, बुलढाण्याला. सकाळी निघताना ती म्हणाली, "रांधून ठेवलं हाय. आता पडा दिवसभर. कोनी उठवत नाही."

चंद्रशेखर खुशीत माझ्यावर आडवा झाला. तोच नळ आले. भांडी, पिंप, बादल्या भरता भरता तो ओलाचिंब झाला. दुपारी पुन्हा येऊन पडला. अंगण शांत होते. आता तरी हा झोपेल, असे मला वाटले. पण तो फोन काढून बघत राहिला.

"पेपर सुटला असन आता," तो आईला म्हणाला.

"मग झोप ना तू," तानाबाई म्हणाली.

"झोप येऊन नाही राह्यली ना, माय."

"काऊन? दर रविवारी तर म्हनतं, उठवू नका."

त्याने पुन्हा फोन कानाला लावला. ऊन कलले. समताचा फोन बंदच होता. शेजारचे महादेवराव कुंपणापाशी येऊन म्हणाले, "घाटात ट्रक आडवा झाला म्हनतात. गाड्या अडकून पडल्या." चंद्रशेखर असा उठला की माझा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. त्याने मोटरसायकल बाहेर काढली, किक मारली, आणि तेवढ्यात फाटक वाजले.

समता आली होती. केसांत धूळ, चेहरा उतरलेला.

"फोनची बॅटरी गेली," ती म्हणाली. "पेपर बरा गेला. मले जरा पडू द्या."

आणि ती माझ्यावर आडवी झाली. इतक्या वर्षांत भाजी निवडायला ती नुसती काठावर टेकत आली होती. आज खांद्यावरची पर्सही न काढता तिला झोप लागली. चंद्रशेखरने पर्स अलगद सोडवली. तिच्या पायातल्या चपला काढून खाली ठेवल्या. तेवढ्यात रस्त्यावर कुल्फीवाल्याने घंटी वाजवली, तर तो फाटकाकडे धावला.

"वाजवू नको बे! झोपली हाय ते."

मग तो स्वयंपाकघरात गेला. परात पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तानाबाईचा: "ठेव ते पीठ. भाकरी मी टाकतो."

परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे. पण पुढच्याच रविवारी चंद्रशेखरने माझ्या लाकडाला गुडघा लावून पायथ्याची दोरी ओढली आणि मला ताठ केले. आता जेवण झाले की दोघांची भांडणे होतात, "आज माझी पाळी!" मला गंमत वाटते. तो अजूनही नीट झोपत नाही. कूस बदलतच राहतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी बाज असेल तर तिला उन्हापावसात टाकू नका. दोरी सैल झाली की ओढून घ्या. आणि रविवारी तिच्यावर अंग टाकण्याआधी घरात एकदा बघून या, कोण अजून उभे आहे ते.