खोक्यातला डावा बूट

मित्रांनो, जुना बूट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झिजलेला, टाचेला कललेला, चार ठिकाणी शिवलेला बूट येत असेल. मीही एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. पण माझी टाच झिजलेली नाही आणि माझ्या चामड्यावर धड ओरखडासुद्धा नाही. लोक याला नशीब म्हणतात. मला मात्र या नशिबाचा मनस्वी संताप येतो.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. जाड चामडं, लोखंडी कड्या आणि तळाला मऊ पण चिवट थर. आम्हाला डोंगर चढण्यासाठीच बनवलं होतं. मला आणि उजव्याला थ्येन-लू नावाच्या तरुणाने विकत घेतलं. तो नुकताच इंजिनिअर झाला होता. शिनचू शहरातल्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला थोडे दिवस बाकी होते. "एकदा आत गेलो की ऊन कसलं दिसतंय!" असं मित्रांना सांगून तो आम्हाला घेऊन थेट युशान पर्वतावर गेला.

काय दिवस होते ते! झाडांखालचा ओला पाला, लाकडी पुलांवरचा ठकठक आवाज, शेवटी साखळीला धरून चढायचा उघडा कडा. शिखरावर बसून थ्येन-लूने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता दर सुट्टीला यायचं हां!" मी भोळा. मला ते खरं वाटलं.

घरी आल्यावर त्याने आम्हाला ब्रशने घासलं, तेल चोळलं, कागदात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. मग नोकरी सुरू झाली. यंत्र बंद पडलं की फोन वाजे आणि जेवणाच्या ताटावरून उठून थ्येन-लू पळे. 'पुढच्या महिन्यात जाऊ', मग 'नवीन वर्षाच्या सुट्टीत जाऊ', मग नुसतंच 'जाऊ'. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. खोक्याचं झाकण उघडायचं ते फक्त आम्हाला तेल चोळण्यापुरतं.

"अहो, उदबत्तीही लावा त्यांच्यापुढे," त्याची बायको म्हणायची.

"चांगली वस्तू आहे. डोंगरासाठी राखून ठेवलीय."

डोंगरासाठी! अरे, निदान घरचा जिना तरी उतरायचा होतास माझ्यासोबत! दारातल्या निळ्या-पांढऱ्या रबरी सपातांचा मला हेवा वाटे. फुटकळ किमतीच्या त्या, पण गल्ली, बाजार, समुद्र सगळं बघून यायच्या. आणि मी खोक्यात आतल्या आत कुजत होतो. आमच्या तळाचा तो थर दमट हवेत नुसता पडून राहिला की हळूहळू त्याचा भुसा होतो. वरचं चामडं चकचकीत आणि तळ पोकळ. हे ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

मग एक दिवस त्याची मुलगी पेइ-शान धावत घरात आली. तीही इंजिनिअर झाली होती आणि सोमवारी एका कारखान्यात रुजू होणार होती.

"बाबा, सोडतीत नाव लागलं! युशानच्या विश्रामघरात दोन जागा मिळाल्या. तुमची आणि माझी!"

"माझी? अगं, मला कुठली रजा! पुढच्या वर्षी नक्की..."

"बाबा, तुमचं पुढचं वर्ष वयाने माझ्याहून मोठं आहे."

मग थ्येन-लूने खरोखरच रजा टाकली. बापलेकीच्या पायांचं माप एकच होतं. त्याने आम्हाला बाहेर काढून तिच्यापुढे ठेवलं. "यांनी मला वर नेलं, तुलाही नेतील." स्वतः त्याने रोजचे फिरायचे बूट घातले.

वाटेला लागल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. तोच पाला, तेच पूल! पण अर्ध्या वाटेवर माझ्या टाचेतून काळा चुरा गळू लागला. थोड्याच वेळात माझा तळ सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. मागोमाग उजव्याचाही.

"असं कसं झालं? एकदाच तर घातलेत!" थ्येन-लू कळवळला.

पेइ-शान दगडावर बसून आधी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच झालं, बाबा. न वापरता ठेवले की कुजतात हे. मी परीक्षेत हेच लिहून आले होते, पैकीच्या पैकी मार्क मिळाले!"

"मग घरी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने दिलेत, तेव्हा परीक्षा कुणाला आठवते?"

त्यांनी चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. दहा पावलांत तीही सुटली. तेव्हा थ्येन-लू खाली बसला आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"हे घाल आणि जा वर. विश्रामघरात घालायला मी सपाता आणल्यात, त्या घालून मी खाली उतरतो."

"काहीतरीच काय! तुम्हाला सोडून मी नाही जाणार. दोघंही परत जाऊ. पुढच्या वर्षी..."

ती बोलता बोलता थांबली.

"बघ," थ्येन-लू म्हणाला, "अजून नोकरीला लागली नाहीस, आणि आलं तुझ्याही तोंडात. घाल मुकाट्याने."

तिने घातले. पुढे चाललेल्या दोन शिक्षिकांच्या सोबतीने ती वर गेली. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तो सपाता घालून उभा राहिला. मग आम्हाला पिशवीला टांगून तो जपून जपून उतरू लागला. किती वर्षांनी तो डोंगरावर आला होता, आणि माझ्यामुळे अर्ध्या वाटेवरून परत फिरत होता. नाही, माझ्यामुळे नाही! त्या खोक्यामुळे! खाली पोचता पोचता त्याचा फोन वाजला. कारखान्याचाच होता. त्याने आमच्या लोंबत्या तळांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाजू दे."

दुसऱ्या दिवशी पेइ-शान उन्हात नाक भाजून घेऊन उतरली. "साखळी आहे का अजून?" एवढंच त्याने विचारलं. ती नुसती त्याच्या गळ्यात पडली.

सोमवारी ती कामावर गेली. त्याच आठवड्यात थ्येन-लूने नवे बूट आणले. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली, तसा तो आमच्या दिशेने आला. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्याने आमचं रिकामं खोकं उचललं, नव्या बुटांचंही उचललं आणि दोन्ही गाडीत टाकून आला.

"अहो, मग हे बूट ठेवायचे कशात?" बायकोने विचारलं.

"कशातच नाही," तो म्हणाला.

आता आम्ही दारातल्या फळीवर असतो. शेजारी ते नवे बूट, चिखलाने माखलेले. थ्येन-लूच्या तोंडून 'पुढच्या' एवढंच निघालं की पेइ-शान मला उचलून त्याच्यापुढे झटकते. थोडा भुसा पडतो आणि रविवारी दोघं निघतात. मला मात्र कोणी नेत नाही. माझ्या वाट्याला सगळा मिळून दीड डोंगर आला.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, वापरून जपा. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी एखाद्या खोक्यात पडून असेल, तर आजच झाकण उघडा. आम्हाला आतून हाक मारता येत नाही.