साडेसव्वीस इंचांचं दार

मित्रांनो, मी एक जुनं ओक लाकडाचं दार आहे. कॉर्नवॉलच्या एका कोळीवाड्यात, बंदराकडे तोंड करून, पावणेतीनशे वर्षं उभं आहे. माझी रुंदी साडेसव्वीस इंच आणि जोरी पेनगेलीची चाकांची खुर्ची अठ्ठावीस इंच. या दीड इंचापायी माझ्या घराचं वाटोळं झालं.

एके काळी माझे फार लाड होते. जोरी दर वर्षी मला जवसाचं तेल पाजायचा. होडी लावून आला की आधी माझ्यावर थाप मारायचा, मग बायकोला हाक. लग्नाच्या दिवशी हेस्टरला उचलून आत आणताना तिचं डोकं माझ्यावर आपटलं होतं, तेव्हा दोघं किती हसली होती!

दोन वर्षांपूर्वी जोरीला अर्धांगाचा झटका आला. पाय गेले, एक हात गेला, वाचाही गेली. त्याला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मागच्या दाराला बारा पायऱ्या, म्हणजे घरी यायला वाट माझीच. हेस्टरनं साठवलेले अकरा हजार पौंड काढले, गवंडी ठरवला आणि मला रुंद करायची परवानगी मागितली. आमचं घर वारसा यादीतलं, विचारल्याशिवाय चौकटीला हात लावायची सोय नाही.

नगरपालिकेनं नकार दिला. म्हणे, चौकट मूळची आहे. अहो, कसली मूळची! १९६२च्या वादळात मूळ चौकट बाजूच्या भिंतीसकट समुद्रानं नेली, मी तेवढं वाचलं. आत्ताची जोरीच्या वडिलांनी बसवली. जोरीला हे ठाऊक होतं, पण तो बोलणार कसा? मला ठाऊक होतं, पण दाराला कोण विचारतो?

मग अपील झालं. ट्रेविन नावाचे वकील आले, जुन्या इमारतींचे एक तज्ज्ञ आले. ते माझी बिजागरी मोजत आणि हेस्टर त्यांना चहा देत असे. प्रत्येक पत्रामागे बिल यायचं. गवंड्याचे पैसे असे वकिलाच्या घशात गेले. ट्रेविननी तिला बजावलं होतं, "खर्च ज्याचा त्यानं सोसायचा असतो. पण समोरच्यानं हलगर्जीपणा केला असेल, तर खर्च त्याच्याकडून मागता येतो. सुनावणी संपायच्या आत मागा, नंतर कुणी ऐकणार नाही."

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी पैसे वाचवायला तिनं वकिलाला बोलावलंच नाही. अपिलाचा निकाल देणाऱ्या निरीक्षकबाई जागा पाहायला येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यानं लाल चेहऱ्यानं एक फोटो पुढे केला. वादळानंतरचा, चौकटीच्या जागी भगदाड दाखवणारा, त्यांच्याच दप्तरातला. तो इतके दिवस कुणी उघडून पाहिला नव्हता. त्यानं हेस्टरची माफी मागितली.

निरीक्षकबाईंनी विचारलं, "बंद करण्याआधी, खर्चाबद्दल कुणाला काही मागायचंय?"

माग गं बाई, माग! मी आतून करकरलं. पण आमच्या गावात माणूस उपाशी राहील, चारचौघांत पैसे मागणार नाही. त्यात समोरच्यानं माफी मागितलेली.

हेस्टर म्हणाली, "नको, मॅडम. बिचाऱ्यांनी माफी मागितली ना. आणखी कशाला त्रास?"

बाईंनी पुन्हा एकदा विचारलं. ती नुसती हसली आणि चहाचं विचारू लागली. सुनावणी संपली.

महिन्याभरात परवानगी आली. निकाल तिच्या बाजूनं लागला, पण गवंड्याला द्यायला पैसा उरला नाही. परवानगी तीन वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात, जोरीपाशी एवढी वर्षं नाहीत.

आता दर रविवारी वृद्धाश्रमाची गाडी त्याला आणते. खुर्ची उंबऱ्याशी अडते. त्याला उचलून न्यायला आश्रमाची मनाई, आणि हेस्टरच्या अंगात तेवढं बळ नाही. हेस्टर आत स्टुलावर बसते, तो बाहेर छत्रीखाली. केशराचा पाव ती माझ्यातून हात लांबवून त्याला भरवते. जाताना तो चांगला हात उचलून माझ्यावर थाप मारतो, पूर्वीसारखी. मला वाटतं, भुगा होऊन पडावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यानं सांगायचं असतं. मीही सांगितलं असतं. पण तुमच्यापैकी कुणाकडे करवत असेल, तर या आणि मला कापा. त्याला एकदा आत येऊ द्या.