सैल बाही

"चाचा, बॅग खोलो."

हॉलच्या दारातल्या सिक्युरिटीच्या पोराने हे इतक्या सहज म्हटलं की ताहिरभाई मुकादम जागच्या जागी थबकले. हे वाक्य त्यांचं होतं. बहरीनच्या सित्रा भागात कंपनीच्या गोडाऊनच्या फाटकावर उभं राहून ते रोज संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत. तांब्याची वायर, नळाचे तुकडे, एसीचे सुटे भाग त्यांनी लोकांच्या डब्यांतून काढले होते, बुटांतून काढले होते, एकदा तर नमाजाच्या गुंडाळलेल्या चटईतून काढले होते. पण ताहिर मुकादमची बॅग उघडायला लावणारा माणूस आजवर बहरीनमध्ये जन्माला यायचा होता.

"पानी का बोतल है. और क्या होगा?"

"खोलना तो पड़ेगा, चाचा."

उघडावी लागली. बाटलीखाली एक टोपी होती आणि एक काळा चष्मा. पोराने टोपीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, मग ताहिरभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ही नजर कसली असते हे ताहिरभाईंना शिकवायला नको होतं. ते आत गेले आणि खांबाआड जाऊन त्यांनी टोपी आणि चष्मा दोन्ही चढवलं. हॉलमध्ये, भर दुपारी, काळा चष्मा लावून बसलेला तो एकटाच प्रेक्षक होता.

घरी त्यांनी ड्यूटीवर जातो असं सांगितलं होतं आणि ड्यूटीवर तब्येत बरी नाही असं कळवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची थापेबाजी पकडली, पण स्वतः थाप मारताना घाम फुटला होता. इलाज नव्हता. आज त्यांच्या मुलीची, इरमची, मॅच होती आणि तिला न कळता तिच्यावर नजर ठेवायची होती.

सगळ्याची सुरुवात झाली होती एका निळ्या डागाने. सनाबिसच्या एका ऑफिसात नोकरी करणारी त्यांची मुलगी संध्याकाळी उशिरा घरी यायला लागली, आणि धुवायच्या कपड्यांत तिच्या शर्टाच्या कफवर निळी भुकटी सापडली. त्यांची बायको महमुदा म्हणाली, "शाई असंल ओ पेनाची." ताहिरभाईंनी कफ नाकाला लावला. "शाईला वास असतो. याला नाय." त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्याच आठवड्यात ते तिच्या ऑफिसपासून तिच्या मागे गेले, तर पोरगी शिरली एका क्लबात, आणि तिथल्या हिरव्या टेबलावर वाकून काठीने बॉल ढकलत होती! निळी भुकटी त्या काठीच्या टोकाला लावायच्या खडूची होती.

"जुगार खेळतेस?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

"अब्बा, इट्स अ स्पोर्ट. नाईन-बॉल. दरवर्षी इथं इंटरनॅशनल टूर्नामेंट होते. मी लोकल क्वालिफायर जिंकले आहे. मला खेळायला मिळणार आहे."

"जितलीस? कधी जितलीस?"

यावर महमुदाच चिडली. पोरगी जिंकली म्हणते आणि तुम्ही वेळ विचारता, असं तिने सुनावलं. दोन दिवसांनी ताहिरभाईंनी परवानगी दिली, पण अटींवर. अंगाला चिकटणारा टी-शर्ट चालणार नाही, पूर्ण बाहीचा सैल कुर्ताच घालायचा. तो त्यांनी स्वतः गुदैबियाच्या दुकानातून आणला, एक माप मोठाच. खेळून आल्यावर बॅग दाखवायची, त्या लांब काठीच्या पिशवीसकट. आणि स्पर्धेत पहिल्याच मॅचला हरलीस तर खलास. काठी परत हातात धरायची नाही.

इरमने सगळं मुकाट्याने कबूल केलं. एवढ्या पटकन कबूल केलं की ताहिरभाईंना त्याचाच संशय आला.

शिवाय तिच्या फोनवर 'सी. एस.' नावाने सारखे मेसेज येत. हा सी. एस. कोण? ताहिरभाईंनी मनातल्या मनात त्याला पंचविशीचा, दाढी कोरलेला, उसन्या गाडीतून फिरणारा पोरगा करून टाकलं होतं. तो आज इथे येणार याची त्यांना खात्री होती.

इरमचं टेबल कडेला होतं. समोर पोलंडची एक उंच बाई. इरमचा तो कुर्ता खांद्यावरून ओघळत होता आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. ताहिरभाईंनी खेळाकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त पाहिलं. तरुण असे दोघंतिघं होते, पण त्यातला एकही इरमकडे बघत नव्हता. न बघण्याचंही सोंग असू शकतं, असं त्यांच्या मनात आलं.

इरमचा एक बॉल भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला. "या अल्ला, हिला जरा दमानं घ्यायला सांगा कुणीतरी," ते पुटपुटले.

"मराठी?" शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ एकदम वळले. साठीचे, गोरे, नीट इस्त्रीचा शर्ट. "अरे वा! कुठले तुम्ही?"

"रत्नागिरी जिल्हा," ताहिरभाई सावधपणे म्हणाले. गावाचं नाव त्यांनी राखून ठेवलं.

"मग ही मुलगी तुमच्याकडचीच की! इरम. दापोलीचे आहेत आईवडील. मी पुण्याचा, इथे इंजिनिअर होतो, आता मुलाकडे राहतो. ही स्पर्धा एकही वर्ष चुकवत नाही मी. खेळ कळतो ना तुम्हाला?"

"नाय."

गृहस्थांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. टेबलावर नऊ बॉल. पांढऱ्या बॉलने आधी सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला मारायचं. नऊ नंबरचा बॉल ज्याने भोकात घातला, डाव त्याचा. असे सात डाव जो आधी घेईल तो जिंकला. "आणि फाऊल केलात तर समोरच्याला पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवता येतो. मग संपलंच म्हणा. काठी सोडून हात लागला, अंग लागलं, नुसता कपडा जरी बॉलला लागला तरी फाऊल."

"पण ते बघणार कोण? पंच तर तिकडं लांब उभा हाय."

"या टेबलांवर स्वतंत्र पंच नसतो. समोरचा बघतो. नाहीतर ज्याचं त्याने सांगायचं."

"ज्याचं त्यानं!" ताहिरभाईंना हसू आलं. फाटकावर असा नियम ठेवला असता तर गोडाऊनचं छप्परसुद्धा शिल्लक राहिलं नसतं. "आणि लोक सांगतात?"

"काही सांगतात," गृहस्थ म्हणाले. इतक्यात त्यांचा फोन थरथरला. "हो गं हेमा, पाच-पाच झालेत. हो, येताना तिला सोडू घरी." फोन ठेवून ते म्हणाले, "बायको. आम्हीच सोडतो तिला रोज सरावानंतर. मी चंद्रशेखर नेने. इथे सगळे सी. एस. म्हणतात."

ताहिरभाईंनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाढी कोरलेला पोरगा त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला होता. इतके दिवस मनात जपलेला गुन्हेगार असा हातचा गेल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं, पण त्यांना आधी ओशाळंच वाटलं.

"तिचे वडील काही येत नाहीत," नेने आपल्याच नादात होते. "फार संशयी आहेत म्हणे. रोज बॅग तपासतात हो पोरीची. बावीस वर्षांची मुलगी! मी म्हटलं, अगं, सांग की त्यांना. तर म्हणते, 'राहू दे अंकल. चेकिंग झालं की मगच त्यांना झोप लागते.'"

ताहिरभाईंनी बाटली काढली, झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं.

सहा-सहा झाले. शेवटचा डाव. पोलंडच्या बाईचा बॉल हुकला आणि ती टॉवेलने हात पुसत खुर्चीवर बसली. टेबलावर आठ आणि नऊ एवढेच बॉल उरले होते. "हे दोन घातले की झालं," नेने कुजबुजले. "वर्षभर थांबली आहे हो पोरगी यासाठी."

ताहिरभाईंनी पहिल्यांदाच प्रेक्षक सोडून टेबलाकडे नजर लावली. पांढऱ्या बॉलच्या अगदी मागे नऊ नंबरचा बॉल होता. त्याच्यावरून हात उंच धरून इरम वाकली, नेम घेतला, मग पटलं नाही म्हणून हात मागे घेतला. आणि तेव्हा ती लोंबती बाही नऊ नंबरच्या बॉलला चाटून गेली. बॉल तसूभर हलला आणि थांबला.

कुणाला दिसलं नाही. पोलंडची बाई टॉवेलची घडी घालत होती. नेने चष्मा वर करून डोळे चोळत होते. पंच पाठमोरा होता. दिसलं ते फक्त ताहिरभाईंना, कारण माणसांचे हात बघण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

इरम तशीच उभी होती. ती बाहीकडे पाहत होती.

गप ऱ्हा, ताहिरभाई मनात म्हणाले. गप ऱ्हा पोरी, कुणी नाय बघितलं. मार आणि मोकळी हो. एका वायरच्या तुकड्यासाठी माणसांना रडवणारे ताहिर मुकादम मुठी आवळून, पोटच्या पोरीने चोरी पचवावी म्हणून अल्लाची मनधरणी करत होते. हरली तर खलास, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं आणि ती बापाचा शब्द मोडणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

इरमने काठी टेबलाला टेकवली आणि हात वर केला. "फाऊल," ती म्हणाली. "माय स्लीव्ह."

पोलंडच्या बाईने आधी तिच्याकडे नुसतंच बघितलं. मग उठून पांढरा बॉल हवा तिथे ठेवला, आठ घातला, नऊ घातला. टाळ्या वाजल्या. नेने मात्र खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत होते. "हा झगा कुणी घालायला लावला हिला? दहादा म्हटलं, बाही वर दुमड. तर म्हणे, अब्बांना प्रॉमिस केलंय! कुठल्या बापाला..."

पुढचं ऐकायला ताहिरभाई तिथे नव्हते. टोपी आणि चष्मा काढून त्यांनी खुर्चीवरच टाकला होता. ते पायऱ्या उतरून खाली टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

इरम काठीचे दोन भाग वेगळे करून पिशवीत ठेवत होती. तिने मान वर केली. ती दचकली नाही, रडली नाही, ड्यूटी कशी नाही असंही तिने विचारलं नाही. तिने पिशवी खुर्चीवर आडवी ठेवली, चेन शेवटपर्यंत उघडली आणि दोन्ही बाजू हातांनी फाकवून धरल्या.

"बघा," ती म्हणाली.

आत काठीचे दोन तुकडे होते, निळा खडू होता, एक टॉवेल होता. ताहिरभाई हलले नाहीत. ते बघत नाहीत असं वाटून तिने टॉवेल स्वतःच उचलला. "खाली पण काय नाय, अब्बा. नीट बघा."

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर गो."

बंद करतानाही ती त्यांच्याकडे तिरप्या नजरेने बघत होती. आज न तपासता सोडलं, म्हणजे आता पुढे काय, असं त्या नजरेत होतं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाजानंतर ताहिरभाई तो कुर्ता कागदी पिशवीत घालून गुदैबियातल्या शिंप्याकडे गेले. "बाही तंग करनेका. कलाई पे एकदम फिट."

"कितना?" शिंप्याने विचारलं.

पोरीच्या फोनवर कुणाचे मेसेज येतात, ती ऑफिसातून कधी सुटते, तिच्या पर्सला किती कप्पे आहेत, हे सगळं ताहिरभाईंना पाठ होतं. तिचं मनगट केवढं आहे ते माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी फोन केला. "जरा शिंप्याकडं ये. आत्ताच ये."

ती धापा टाकत आली. दारातच तिने विचारलं, "आता मी काय केलं?"

"काय नाय केलंस. हात पुढं कर."

तिने हात पाठीमागे नेला. "कशाला?"

"बाही तंग करायची हाय. पुढच्या वर्षाला लागंल."

शिंपी टेप घेऊन थांबला होता. इरमने एकदा कुर्त्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "हरली तर खलास, तुम्हीच बोललात."

"बोललो होतो."

"मग?"

"बाही मी आणलेली," ते म्हणाले. "तू नाय."

तिने कुर्त्याची लोंबती बाही दोन बोटांत धरून पाहिली. मग हात पुढे केला. शिंप्याने मनगटाला टेप गुंडाळली, आकडा पुटपुटला, दुसऱ्या हाताचं माप मागितलं. इरमचं लक्ष टेपकडे नव्हतंच. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाकडे बघावं तशी ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

ताहिरभाई दोन्ही हात मोकळे सोडून तिच्यासमोर उभे राहिले. तिचं बघून होईपर्यंत ते तसेच उभे होते.